गरम मुशीचं वजन

आभारप्रदर्शन माझ्याकडे दिलं होतं, कारण मी हसवते. निवृत्त मंडळींच्या मेळाव्यात तिसरं भाषण संपलं की सगळ्यांच्या नजरा जेवणाच्या टेबलाकडे वळतात. मग कोणीतरी म्हणतं, माईक हिच्याकडे द्या, ही दोन मिनिटांत हसवून मोकळं करेल. यंदा मेळावा घाटकोपरला होता. सॅटिनचे झगे घातलेल्या खुर्च्या, थंडगार एसी, आणि पुढच्या रांगेत आमचे जुने साहेब. वय नव्वदीला टेकलेलं, कानात यंत्र, पण आवाज अजून तसाच, समोरच्याला न विचारता गप्प करणारा.

साहेबांना दोन शब्द बोलायला उभं केलं. नोकरीला नव्याने लागलेली पाच-सात पोरंपोरीही मुद्दाम बोलावली होती, त्यांच्यासाठी म्हणून साहेबांनी एक किस्सा सांगितला.

"एकदा सहामाहीच्या मोजणीत माल कमी भरला. यंत्रं तपासली, तराजू तपासला, सगळं चोख. मग दोष कुठे? भांडी धुणारी बाई! मुशी विसळायची आणि पाणी सरळ बेसिनमध्ये! सरकारचं युरेनियम गटारात!" इथे हशा. "तिला तिथून हलवली, आणि पुढच्या सहामाहीत माल बरोब्बर जुळला. तेव्हा पोरांनो, यंत्रावर संशय घेण्याआधी माणूस बघा."

टाळ्या. शेजारची मैत्रीण माझ्या मांडीवर थाप मारून हसली. माझ्या कानशिलात मात्र असा काही जाळ उठला की हातातली सरबताची बाटली फेकून मारावी. कुणावर, ते ठरत नव्हतं. साहेबांवर, की स्वतःवरच, त्या सत्तावीस वर्षांच्या शहाणीवर, जिचे केस तेव्हा कंबरेपर्यंत होते आणि अक्कल मानेपर्यंतही नव्हती.

कारण माल कधी हरवलाच नव्हता. आणि हे हॉलमध्ये एकट्या मला माहीत होतं.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. उंच भिंतीच्या आत युरेनियमची पावडर बनायची. आम्ही ती बनवत नव्हतो, मोजत होतो. आत किती आलं, बाहेर किती गेलं, यात फरक पडला तर तो का पडला. सोनाराकडे गुंज हरवली तर सोनार नोकरावर ओरडतो. आमच्याकडे ग्रॅम हरवले तर दिल्लीपर्यंत फोन जायचे. म्हणून प्रत्येक लॉटचा चिमूटभर नमुना बाटलीतून आमच्याकडे यायचा, आणि त्या चिमटीवरून आख्ख्या लॉटमध्ये युरेनियम किती, ते आम्ही सांगायचो. चिमटीत केसाएवढी चूक झाली की लॉटमध्ये तिचा दोरखंड व्हायचा.

पद्धत अगदी आजीबाईच्या काळातली. प्लॅटिनमची छोटी वाटी असते, तिला मूस म्हणतात. रिकामी मूस सकाळी तोलायची. तिच्यात पावडर घालून पुन्हा तोलायची. मग लालभडक भट्टीत ठेवायची, म्हणजे पावडरीतला ओलावा आणि इतर कचरा उडून जातो. मूस चिमट्याने बाहेर काढायची, जाड काचेच्या झाकणबंद भांड्यात निवत ठेवायची, आणि पूर्ण निवली की पुन्हा तोलायची. त्या भांड्याला आम्ही डेसिकेटर म्हणायचो. तळाशी हवेतला दमटपणा पिणारे निळे दाणे असायचे. पूर्ण निवायला पाऊण तास लागायचा. भिंतीवर तसं लिहिलेलंच होतं, लाल अक्षरांत.

आणि मी वीस मिनिटांत तोलायची.

का? कारण मी हुशार होते! निदान माझी तशी समजूत होती. आमच्या खोलीत फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे आठवड्याचे नमुने लिहायचे, आणि माझा आकडा सगळ्यांच्या वर. पोरं मला 'राजधानी' म्हणायची. मी वरवर रागवायची आणि आत फुगायची. पांढऱ्या कोटाखाली परीटघडीची साडी, कोटाच्या खिशात दोन रंगांची पेनं, वेणीत अबोली. मुलुंडला सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमची सून अणूवर काम करते. अणूला ते माहीत नव्हतं, पण मला फार आवडायचं.

आता शाळेतलं विज्ञान. गरम वस्तू तराजूत ठेवली की तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते, आणि जाता जाता पारड्याला हलकासा उचला देते. वस्तू आहे त्याहून हलकी दिसते. रिकामी मूस मी सकाळी तोलायची, गार. भरलेली दुपारी तोलायची, कोमट. म्हणजे आतलं युरेनियम माझ्या वहीत रोज कमीच भरणार. दुसऱ्यांदा भट्टीत घालून खात्री करायचा नियम होता, तोही मी पाळायची. पण दुसऱ्या वेळीही वीसच मिनिटं! दोन्ही आकडे एकमेकांना तंतोतंत जुळायचे. चूक इतकी शिस्तीची होती की तिच्यावर संशय यावा तरी कसा?

संशय एकाच बाईला आला. तिला आकडे लिहिता येत नव्हते.

आमच्याकडे भांडी धुवायला एक मावशी होत्या. मूळच्या मालवणकडच्या, राहायला भांडुपला, नवरा गिरणीत. मुशी घासणं हे फालतू काम नव्हे. प्लॅटिनमला ओरखडा चालत नाही, आणि विसळलेला थेंब न् थेंब एका मोठ्या बरणीत जमा करायचा असतो, कारण त्यातही युरेनियम असतं. मावशी ती बरणी देवाच्या कलशासारखी सांभाळायच्या. डेसिकेटर पुसणं, निळे दाणे गुलाबी पडले की बदलणं, हेही त्यांच्याकडेच.

एक दिवस माझा डेसिकेटर पुसताना त्या थांबल्या. काचेवर पालथा हात ठेवला.

"मॅडम, डबो अजून कोमट हा."

मी तराजूशी बसले होते. मान वर न करता म्हटलं, "मावशी, तुम्ही भांड्यांचं बघा. वजनाचं बघायला आम्ही आहोत."

"नाय, म्हणान सांगलंय. त्या दुसऱ्या मॅडमचो डबो गार लागता."

"त्या दुसऱ्या मॅडमना घरी जायची घाई नसते," मी म्हटलं, आणि खोलीतली सगळी हसली. तेव्हाही मी हसवायची. हे वाक्य मला शब्दशः आठवतं. पहिल्या पगाराचा आकडा आठवत नाही, लग्नात कोणती साडी नेसले होते ते आठवत नाही, पण हे आठवतं. मावशींनी फडका झटकला आणि गेल्या. पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

सहामाहीची मोजणी आली आणि माल कमी भरला. साहेबांनी तीन दिवस आरडाओरडा केला. तराजू तपासला, तो उत्तम. भट्टी तपासली, ती उत्तम. तोलणारे? छे! आम्ही पदवीधर, शिवाय साहेबांनी स्वतः निवडलेले. चौथ्या दिवशी साहेब बेसिनपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "इथून जातंय." बेसिनखालचा पाइप उघडला. त्यातल्या गाळात युरेनियमचा अंश सापडला. सापडणारच! तिथे तो खिडकीच्या गजावरही सापडला असता. पण साहेबांना हवं ते मिळालं होतं.

मावशींना बोलावलं. त्या बरणी घेऊनच आल्या, दोन्ही हातांत धरून. "साहेब, एक थेंब सांडूक नाय. ही बगा." साहेबांनी बरणीकडे पाहिलंही नाही. इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे केला, त्यावर मावशींचा अंगठा घेतला. कागदात 'हलगर्जीपणा' होता. त्यांना ते कोणी वाचून दाखवलं नाही. मी दारात उभी होते, मला येत होतं वाचायला. दुसऱ्या दिवसापासून मावशी बाहेरच्या पॅसेजमध्ये झाडू मारायला. काचेला आणि प्लॅटिनमला हात लावायचा नाही.

तोपर्यंत मी नुसती मूर्ख होते. नीच झाले ते पुढे.

दोन-तीन आठवड्यांनी कोणाचा तरी निरोपसमारंभ होता. मुशी निवत ठेवून मी सामोसे खायला गेले, भाषणं लांबली, आणि परत येईस्तोवर तास उलटून गेला. तोललं तर वजन जास्त. पहिल्यांदा वाटलं, तराजू बिघडला. पुन्हा तोललं. तेवढंच. मग मी मुद्दाम एक मूस वीस मिनिटांनी तोलली, तीच पाऊण तासाने तोलली, आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहून त्यांच्याकडे बघत बसले. डबो कोमट हा. बाहेर पॅसेजमध्ये झाडूचा आवाज येत होता. अगदी खरं, कादंबरीसाठी लिहीत नाहीये. येत होता.

उठून साहेबांच्या खोलीत जायला पंधरा पावलं होती. मी गेले नाही. महिनाभराने माझी बढतीची मुलाखत होती. त्या मुलाखतीसाठी मी राखाडी रंगाची साडी घेतली होती, गंभीर दिसायला. गंभीर! मी काय केलं, तर तो कागद फाडला, आणि त्या दिवसापासून गुपचूप पाऊण तास थांबू लागले. मनाशी म्हटलं, चूक तर सुधारली ना, झालं तर मग. फळ्यावरचा माझा आकडा खाली आला. पोरं म्हणाली, राजधानीची पॅसेंजर झाली. मी लाजून हसले.

आणि पुढच्या सहामाहीला माल जुळला.

साहेबांनी खोलीत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "बघितलंत? मावशी हलवल्या आणि माल जुळला. यापेक्षा वेगळा पुरावा काय पाहिजे?"

माझ्या चोरट्या दुरुस्तीने त्या बाईचा गुन्हा शाबित केला. मी वीस मिनिटांचीच राहिले असते तर निदान दुसऱ्या सहामाहीलाही माल कमी भरला असता, आणि कोणाला तरी वाटलं असतं की अरे, बेसिनपाशी तर आता मावशी नाहीत! मी तेही होऊ दिलं नाही. मला बढती मिळाली. राखाडी साडी अजून कपाटात आहे, तिला कसरही लागत नाही मेली.

तर त्या दिवशी घाटकोपरला माईक हातात आला आणि मी म्हटलं, "साहेब, तुमच्या गोष्टीत एक दुरुस्ती आहे. माल मावशींनी घालवला नव्हता. मी गरम मुशी तोलत होते. चूक माझी होती, आणि ती मला कळल्यावरही मी लपवली."

हॉल खदखदून हसला.

मी म्हटलं, "हसू नका, खरं सांगते." अजून हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "राजधानी, काय टायमिंग आहे गं!" साहेबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि डोळे पुसत म्हणाले, "हिची थट्टेची सवय काही जायची नाही." मी तिसऱ्यांदा सांगितलं, अगदी वीस मिनिटं आणि पाऊण तासासकट. तोवर जेवणाच्या झाकणांचा आवाज झाला आणि सगळी उठली. ती नवी पोरंपोरी माझ्याकडे बघत होती. त्यातली एक मुलगी हसत नव्हती. बस्स, एकच.

आयुष्यभर विनोद केले त्याची ही परतफेड. एकदा खरं बोलायला तोंड उघडलं तर तोच सर्वांत भारी विनोद ठरला.

घरी येऊन मी कार्यालयाला पत्र लिहिलं. आमच्या वह्यांत मूस भट्टीतून काढल्याची वेळ आणि तोलल्याची वेळ लिहायचा नियम होता. माझ्याच अक्षरात, शाईने, पानोपानी माझी चोरी लिहून ठेवलेली होती. चाळीस वर्षांत त्या दोन रकान्यांची वजाबाकी कोणी केली नाही! मी लिहिलं, कृपया त्या वह्या काढा आणि या बाईंच्या सेवापुस्तकातला शेरा रद्द करा. दीड महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं. इतक्या जुन्या वह्या जतन केलेल्या नाहीत. सेवापुस्तकाबद्दल अक्षर नाही. म्हणजे पुरावा जाळला आणि ठपका ठेवला. काय कारभार आहे!

मी पत्र नातीच्या पुढ्यात आपटलं. ती इंजिनियरिंगला आहे, मोबाइलमधून मान वर काढत नाही, पण माझी सगळी हकिकत तिने ऐकली.

"आजी, तू व्हिलन आहेस यार."

"ते मला माहीत आहे. हे लोक बघ!"

"लोकांचं सोड ना. मावशींना सांगितलंस?"

मी पत्राची घडी घालू लागले.

"हॉलला सांगितलंस, ऑफिसला लिहिलंस, मला सांगितलंस. आणि ज्यांचं नाव खराब झालं त्यांना नाही? सॉलिड आहेस."

इतका राग मला त्या साहेबाचाही आला नव्हता. कारटी खरं बोलत होती.

मावशींचा पत्ता मिळायला चार फोन लागले. भांडुपला टेकडीवर जुनी बैठी चाळ, तिथेच होत्या अजून. एका रविवारी सकाळी मी मुलुंडहून रिक्षा केली. चढण संपली तिथे रिक्षावाल्याने उतरवलं, पुढचं चालत. धापा टाकत दारात पोचले तर मावशी उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होत्या. पंच्याऐंशीच्या तरी असतील. हात तेच. मी ओळख सांगायच्या आधी म्हणाल्या, "तू ती घाईवाली मॅडम."

नोकरीत मला तुम्ही म्हणायच्या. आता तू म्हणाल्या. बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

आत त्यांचा मुलगा पेपर वाचत होता, सून ओट्याशी. मला खुर्ची दिली, चहा ठेवला. मी घडाघडा सांगून टाकलं, सगळं, सामोशांपासून साडीपर्यंत. सांगताना रडले वगैरे नाही, रडायचा हक्क माझा नव्हता. शेवटी म्हटलं, "मावशी, मला माफ करा."

मावशींनी लसणाची साल फुंकून उडवली.

"माका ठाऊक होता. डबो कोमट होतो. माजो हात काय खोटा सांगतलो?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललंय ना! तुकाच बोललंय!" त्यांचा आवाज असा चढला की मुलाने पेपर खाली ठेवला. "सायबाक काय सांगू? अंगठेवाली बाई मॅडमची चूक काडता? आनि घराकडे काय झाला, ठाऊक हा तुका? ह्याचो बापूस मरेपर्यंत माका हसलो. हातातून कप पडलो की म्हणा, घातलंस गटारात सरकारचा. सगळी चाळ म्हणा. हो झील माजो, हो पण म्हणता. परवा नातवान पन म्हटल्यान."

मुलगा खाली बघत होता. सून म्हणाली, "मस्करीत म्हणतो हो आई."

"मस्करीत!" मावशी तिच्यावर कडाडल्या, पण बघत माझ्याकडे होत्या. "चाळीस वर्सां माज्या हातार मस्करी. ह्या हातान मी एक थेंब सांडूक नाय."

विनोद करून वेळ मारून न्यायची माझी जुनी खोड, ती जिभेवर आली आणि मी ती गिळली. म्हटलं, "मी काय करू सांगा. माफी नका देऊ."

"माफी कसली देतंय! ऊठ."

काठी घेऊन त्या दाराबाहेर गेल्या. मी मागोमाग, माझ्यामागे सून. शेजारच्या उघड्या दारावर काठी ठोकली. आतून एक बाई हात पुसत आली. मावशी म्हणाल्या, "हिका ऐक. ही आमच्या हापिसातली मोठी मॅडम. सांग गो."

मी सांगितलं. ती बाई आधी माझ्याकडे, मग मावशींकडे बघत राहिली. "म्हणजे आजींनी नव्हतं..." "नव्हतं," मी म्हटलं. पुढचं दार. तिथे एक म्हातारे गृहस्थ, मावशींच्या नवऱ्याचे पत्त्याच्या डावातले जोडीदार. त्यांना ऐकू कमी येत होतं. त्यांना मी ओरडून सांगितलं, तेव्हा समोरच्या ओळीतल्या दोन खिडक्याही उघडल्या. मावशींना ते सोईचं झालं. तिसरं दार. तिथे मोटरसायकल पुसणारा एक तरुण म्हणाला, "काय बोलता! आम्ही तर आजीला अणुबाँब म्हणतो." मावशींनी काठी त्याच्या टायरवर आपटली. कोणी हसलं नाही. माझ्या तोंडून निघालेलं आणि लोक न हसलेले, असं फार वर्षांनी घडत होतं.

ऊन डोक्यावर आलं. चहा त्यांच्या घरात तसाच राहिला होता. चाळ मोठी, दोन ओळी समोरासमोर, आणि मावशी एकही दार सोडायला तयार नव्हत्या. बंद दारं कोणाची, ते सुनेला लक्षात ठेवायला सांगत होत्या. सातव्या की आठव्या दाराशी माझा घसा सुकला. गुडघ्यांचं तर बोलूच नये. समोर एक नवी लग्न झालेली मुलगी उभी होती, तिला या प्रकरणातलं काहीच माहीत नसणार. मी आटोपतं घेतलं. म्हटलं, "आमच्याकडे मोजण्यात एक चूक झाली होती, आणि आळ चुकून यांच्यावर..."

मावशींनी माझं मनगट पकडलं. घट्ट.

"चूक कोनाची? नीट सांग. घाई कित्याक करतस? पयल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं.